शंभर वर्षांचं धोतर

वाशीम,
१० नोव्हेंबर २०२४

चि. रुचिका हिले आजीचा आशीर्वाद.

रुचे, आधी ओळख देते. मी रिठदची रुपाबाई. तुह्या बापाची माय. तोंडात दात चार, आन लहानपणी तुहा शेंबूड पुसून पुसून ज्या लुगड्याचा पदर गेला ते लुगडं माहंच. आता तरी आठवली का? दसऱ्याले पत्र टाकलं, दिवाळीले टाकलं, उत्तर नाही. गायीले हाक मारली तर तीबी कान हलवते, बाई. नागपूरचं पाणी पेलं का माणूस विसरते म्हणतात, पण इतकं?

फोन कर म्हणशील. फोनवर मले नुसती गुणगुण ऐकू येते. तुह्या बापानं कानाले लावला का मी आपली 'हाव, हाव' म्हणते, मंग तीन दिवस विचार करते का आपण कशाले हाव म्हटलं. म्हणून पत्र. लिहिणार नेहमीचा, आपला रऊफ. डोळ्याचे थेंब आणायले पंधरा दिवसांनी वाशीमले येते, रिठदच्या गाडीले वेळ असते, तवर त्याच्या फोटोफ्रेमच्या दुकानात बसते. तो काच कापते, मी बोलते. मंग तो हात पुसून लिहिते. तुहं पत्र आलं का वाचूनही तोच दाखवते. तुही माय सातवी शिकली, म्हणते मी लिहून देते घरीच. पण सुनेच्या तक्रारी सुनेच्याच हातानं कशा लिहायच्या, तूच सांग.

आता कामाची गोठ. तुह्या आज्याचं धोतर पिवळं पडून राह्यलं.

फोटोतलं. तीन वर्षांमागं त्याच्या वर्षश्राद्धाले तू छापून आणला तो मोठा फोटो, तुह्या स्टुडिओतल्या मशीनवर, शाईचे बारीक थेंब उडवून. रऊफनं चौकट केली. म्या दारासमोर टांगायले लावला, का घरात कोण येते कोण जाते ते बुढ्याले दिसावं. जित्तेपणी त्याले दुसरं काम नव्हतं. सारी भावकी म्हणे, रामधनचं धोतर पाहा, आत्ता नीळ देऊन वाळत घातल्यावानी. तू छाती काढून सांगतलं होतं, 'शंभर वर्षं असंच राहील.' मी मनात म्हटलं, याच्या अंगावर एक दिवस राहत नव्हतं, आता शंभर वर्षं राहते म्हणते.

तीन वर्षांत चहा सांडल्यावानी झालं. पागोटंही तसंच. मिशा काळ्याभोर आहेत, कोट होता तसा आहे, फकत पांढरं तेवढं गेलं. परवा शेजारची रूपला आली, फोटोपुढं कमरेवर हात ठेवून म्हणे, 'काहो रुपाबाई, बुढा गेला तशी धुणं सोडलं वाटते?' ती हसली, मीबी हसली. पण पन्नास वर्षं त्या माणसाचं धोतर म्या धुतलं, कोणी बोट दाखवलं नाही. आता माही शोभा भिंतीवर टांगून ठेवल्यावानी झालं.

तू शिकलेली. सांग, काहून झालं? म्या त्याले काहीच केलं नाही हं. हातबी लावला नाही.

तुही आजी

(बेटा, रिठदला गेलो तेव्हा मी पण पाहिला. खरंच पिवळा झाला आहे. माझी दुआ. – रऊफ)


नागपूर,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आजी,

चुकले, चुकले, चुकले. कान पकडले आहेत, असं समज. दिवाळीत कॅलेंडरांची कामं, मग एका चित्रकाराच्या प्रदर्शनाचे साठ प्रिंट. जेवायचीही आठवण राहत नव्हती. पण हे काही कारण नाही, मला माहीत आहे.

फोटोचं वाचून वाईट वाटलं. पण तू काळजी करू नकोस. आम्ही वापरतो ती शाई रंगाच्या बारीक कणांची असते, ती उडत नाही. तूच लिहिलंस ना, मिशा आणि कोट तसेच आहेत? म्हणजे छपाईत काही चूक नाही. असं झालं की बहुतेक वेळा दोष फ्रेममध्ये निघतो. साधे फ्रेमवाले मागे भुशाचा स्वस्त पुठ्ठा लावतात. त्यातलं आम्ल हळूहळू कागदात उतरतं आणि कागद पिवळा पडतो. आपल्याकडे कोणाला याची फारशी माहिती नसते, त्यामुळे कोणाला दोषही देता येत नाही.

जमलं तर मी उन्हाळ्यात येऊन बघते. तोवर वाईट वाटून घेऊ नकोस. यात तुझी काही चूक नाही. माझीही नाही.

थेंब वेळेवर घालतेस ना?

तुझी,
रुचिका


रिठद,
२७ डिसेंबर २०२४

चि. रुचिका हिले आशीर्वाद.

ह्या खेपेले अक्षर वेगळं दिसंल. तुह्या मायचं आहे. गोल गोल काढते, भाकरी थापल्यावानी, वेळही तितकाच लागते. आता तिच्या तक्रारी लिहिता येत नाहीत म्हणून पत्र आखूडच होईल.

माही तब्येत बरी. थंडी लय आहे. तुरीच्या शेंगा उकडल्या होत्या, तुही आठवण झाली. वाशीमले जाणं आता होत नाही. थेंब तुहा बाप आणून देते. गाडीत धक्के लय बसतात, या वयात कशाले?

फोटो उतरवून ठेवला. पेटीत आहे, लुगड्यात गुंडाळून. दारासमोर खिळा तेवढा राह्यला. येणारा जाणारा विचारते, म्या सांगते बुढा गावाले गेला.

तू पुठ्ठ्याचं लिहिलं ते समजलं. शिकलेल्या माणसानं लिहिलं म्हणजे खरंच असंल. त्याच्यावर आता काही लिहू नको. रऊफ बरा असंल. मले काय माहीत? वाशीमात फ्रेमवाले काय कमी आहेत?

एवढंच.

तुही आजी

रुचिका, आता मी माझं लिहिते. आजी दळण निवडायला बाहेर गेल्या आहेत.

तुझं मागचं पत्र घेऊन त्या दुकानात गेल्या होत्या. वाचलं कोणी? रऊफभाईंनीच. पुठ्ठ्याचं, आम्लाचं, साध्या फ्रेमवाल्यांचं, सगळं मोठ्यानं वाचलं. एक शब्द गाळला नाही. दुकानात आपल्या गावचे मदनसिंग होते, मुलीच्या लग्नाचा फोटो चौकटीला घेऊन आलेले. त्यांच्यादेखत आजी म्हणाल्या, 'रऊफ, माह्या माणसाच्या पाठीले भुसा लावला तू? माही नात शिकलेली आहे, ती का खोटं लिहील?' रऊफभाईंनी पत्राची घडी केली, आजींच्या हातात दिली. मदनसिंगांनी आपला फोटो उचलला आणि निघून गेले. हे सगळं तुझे बाबा पारावर ऐकून आले. म्हणजे आता गावभर झालं.

आजींनी तुला कळवू नको म्हटलंय. त्या दिवसापासून त्या नीट जेवत नाहीत.

पत्र कोण वाचतं हे तुला माहीत होतं ना गं? मग कशी विसरलीस?

– आई


नागपूर,
६ जानेवारी २०२५

(पाकिटावर, मोठ्या अक्षरांत: हे पत्र रऊफचाचांनीच वाचून दाखवावं. आई, तू फोडू नकोस.)

आजी आणि रऊफचाचा,

चाचा, तुम्ही हे वाचत असाल तर थोडं थांबून पाणी प्या. मग मोठ्यानं वाचा. मागचं मोठ्यानं वाचलंत, तसंच.

फोटो माझ्यामुळे पिवळा पडला. पुठ्ठ्यामुळे नाही. पत्र लिहितानाच मला ते माहीत होतं.

आजी, तू धुतलेल्या धोतराला नीळ द्यायचीस ना? कागदाच्या कारखान्यातही तसंच काहीतरी घालतात. ते औषध उजेडातला डोळ्यांना न दिसणारा भाग पितं आणि निळसर उजेड करून परत देतं. आपल्याला वाटतं, काय पांढरा कागद आहे. पण ते औषध थकतं. वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं ऊन-उजेड खाल्ला की संपतं, आणि खालचा पिवळसर कागद उघडा पडतो. शाई आहे तशीच राहते. तुझ्या फोटोत आजोबांचं धोतर म्हणजे नुसता कोरा कागद आहे गं, तिथं शाईचा थेंबसुद्धा नाही. म्हणून मिशा राहिल्या आणि धोतर गेलं.

आमच्या स्टुडिओचे गोविंदसिंग सर हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. दुकानदार नोटा तपासतात ती जांभळी बॅटरी असते, ती त्यांनी खोलीत अंधार करून दोन कागदांवर मारली. एक निळा पेटला, दुसरा तसाच राहिला. सर म्हणाले, 'पेटतो त्याच्यावर लग्नाच्या पत्रिका छापा. घरात पिढ्यान्‌पिढ्या राहायचं असेल तर न पेटणारा घ्या.'

आजोबांचा फोटो मी आधी न पेटणाऱ्या कागदावरच छापला होता. कापसाचा कागद, सायीच्या रंगाचा. पण धोतर सायीच्या रंगाचं दिसलं. मला वाटलं, तू म्हणशील मळकं आहे, भावकी म्हणेल नागपूरला जाऊन हेच शिकली का. मग दुसऱ्यावर छापला. तो पाहून मलाच भारी वाटलं. श्राद्धाच्या दिवशी सगळे 'वा' म्हणाले तेव्हा मी तो पहिला प्रिंट विसरून गेले. खरं म्हणजे विसरले नाही. आठवू दिला नाही.

चाचा, आता तुमच्यासाठी. चौकट करताना तुम्ही तो कागद ट्यूबलाइटखाली तिरपा धरून म्हणाला होतात, 'बेटा, हा कागद जरा जास्तच निळा मारतो. माझ्याकडे असे दोन-चार पिवळे पडून परत आले आहेत.' आणि चार माणसांसमोर मी काय म्हणाले? 'चाचा, तुम्ही काचा कापा, कागदाचं मला बघू द्या.' तुम्ही हसलात आणि काच कापायला लागलात. मागचं पत्र लिहिताना मला हे सगळं आठवत होतं. विसरले ते फक्त एवढंच, की ते तुमच्याच आवाजात आजीच्या कानावर जाणार आहे. आईनं विचारल्यापासून तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

मदनसिंगकाकांना मी पत्र लिहिते आहे. त्यानं फिटत नाही, हे मला कळतं.

आजी, चाचांशी बोल. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

रुचिका


वाशीम,
२९ जानेवारी २०२५

रुचे,

वीस दिवस उत्तराची वाट पाहायले लावली. मुद्दाम लावली. कसं वाटते ते तुलेबी समजू दे.

अक्षर ओळखीचं आहे, पाह्य. खाडाखोड दिसली तर समजजो का तिथं माफीची गोठ होती, अन् रऊफनं ती गाळून पुढं जायची चलाखी केली. मले वाचता येत नाही, पण म्या किती बोलली अन् त्याचा पेन किती चालला ते दिसते. म्या म्हटलं, दाखव वाचून. बरोब्बर, वाक्य नव्हतं. पुन्हा लिहायले लावलं.

तुहं पाकीट संक्रांतीच्या आधी आलं. तुह्या मायनं पाकिटावरचं वाचलं. तीन दिवस कोठीवर पडून होतं. माये, म्या तेल्याची मारकी म्हैस पाहिली, सरपंचाची निवडणूक पाहिली, पण पाकिटाले भ्याली ते पहिल्यांदाच. कोणाच्याबी हातानं फोडून घेतलं असतं. पण तू मोठी हुशार, वाट एकच ठेवली.

करीच्या दिवशी गेली. करीले चांगलं काम करत नाहीत म्हणतात. माफी मागणं चांगलं का वाईट हे ठरेना, मंग म्हटलं आजच उरकून टाकू.

रऊफ 'या भाभी' म्हणाला, जसं का मी कालच येऊन गेली. स्टूल पुसलं. म्या पाकीट दिलं. तो वाचत गेला. 'तुम्ही काचा कापा' तिथं आला अन् हसला. त्याच्या पुढं थांबला. चष्मा काढला, पुसला, म्हणे, 'भाभी, पुढचं माझ्यासाठी आहे.' म्या म्हटलं, मोठ्यानंच वाच. मागचं मोठ्यानं वाचलं होतं.

वाचून झालं. त्यानं पत्राची घडी करून माह्या हातात दिली, मागच्यावानीच. ते लय वाईट असते, रुचे. शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत देऊन मोकळी झाली असती.

फोटो सोबत नेला होता, लुगड्यात. त्यानं चौकट उघडली. पट्टीखाली चारी अंगानं बोटभर जागा, पांढरीफेक. आतलं सारं पिवळं. हातातल्या बांगड्या उतरवल्या का खालची कातडी कशी गोरी दिसते, तशी. म्हणजे जिथं उजेड गेला नाही तिथं तुही नीळ शाबूत आहे. अन् पुठ्ठा तर जसाच्या तसा. कापसाचा होता, नरम. अमरावतीवरून मागवला होता त्यानं, 'रामधनभाईसाठी.' तीन वर्षांत मले एकदा सांगतलं नाही. म्या विचारलं, त्या दिवशी मदनसिंगपुढं काहून नाही सांगतलं? म्हणे, 'भाभी, पोरीचं पत्र खोटं पाडायचं कसं? तुम्ही किती कौतुकानं आणलं होतं.'

आता माहं ऐक. इथं रऊफनं पेन खाली ठेवला होता, म्या त्याच्या हातात पुन्हा दिला.

मागच्या चैत्रात धोतर जरा पिवळसर दिसायले लागलं तसा म्या तो फोटो उतरवला अन् अंगणात उन्हात ठेवला. एक दिवस नाही, दोन महिने. सारे वावरात गेले का काढायची, यायच्या आधी टांगून टाकायची. काचेवर नाक लावून पाहायची, झालं का पांढरं. पन्नास वर्षं तेच केलं ना, बाई. धोतर पिवळं पडलं का नीळ द्यायची अन् कडक ऊन दाखवायचं. फोटोले नीळ देता येत नव्हती, ऊन तर देता येते. जितकं ऊन दिलं तितकं पिवळं होत गेलं, अन् मी म्हणे अजून कमी पडलं असंल. मंग भ्याली. तुले लिहून दिलं, हातबी लावला नाही. रऊफनंच लिहिलं ते, माह्या सांगण्यावरून.

मंग तुह्या पत्रात पुठ्ठा निघाला. खरं सांगू? मले गोड लागलं. सुटली म्हटलं. म्हणून तर एवढी जोरात ओरडली मी त्याच्यावर. ज्याले आपली चूक झाकायची असते त्याचा आवाज मोठा होते. तुहा बारीक अक्षरात झाला, माहा दुकानात झाला. दोघी एकाच माळेचे मणी आपण.

तू एकदा खोटं लिहिलं म्हणून इतकी रडली असशील. माहं वय पाह्य.

मदनसिंगच्या ओट्यावर गेली होती. सांगतलं, चूक माही अन् माह्या नातीची, रऊफचा पुठ्ठा कापसाचा. तो म्हणे, जाऊ द्या काकू. म्हटलं, जाऊ कसं देऊ? तू चार जणाले सांगतलं, आता हेबी त्याच चौघाले सांग. त्यानं मान हलवली. सांगते का नाही, देवाले माहीत. पोरीच्या फोटोची चौकट त्यानं दुसऱ्या जागी करून घेतली, ते तर गेलंच. रूपलाले मात्र सांगायची गरज नाही पडली. तिनं येऊन रिकामा खिळा पाहिला अन् पहिल्यांदा कमरेवरचे हात खाली सोडले.

नवा फोटो छापजो. त्या सायीच्या कागदावर. धोतर मळकं दिसू दे. नीळ नसलेलं सूत तसंच असते, मले नाही माहीत तर कोणाले? बुढा तसा मळकाच होता, पांढरं म्या केलं होतं. मागच्या अंगाले कागद कोणता, शाई कोणती ते लिहिजो, अन् उन्हात ठेवू नका असंही लिहिजो, मोठ्या अक्षरात. मले वाचता येत नाही तर रऊफ वाचून दाखवंल. शंभर वर्षं म्हणू नको. तुही शंभर मोजायले कोण थांबते?

टपालानं नको, घेऊन ये. आधी वाशीमले उतरजो, रऊफच्या दुकानात, दिवसाढवळ्या, गिऱ्हाईक असतील तेव्हा. काय बोलायचं ते गाडीत ठरवजो. अन् ह्या खेपेले दारासमोर नाही टांगत, आतल्या भिंतीले. कोण आलं ते म्याच बुढ्याले सांगत जाईन.

जुना फोटो रऊफनं ठेवून घेतला. दुकानात, पट्टीखालचा पांढरा काठ दिसंल असा. कोणी कागद घेऊन आलं का दाखवते. तुहं नाव सांगत नाही. म्या सांगते.

अन् हे पाह्य, तू येशील तवर खायचं पाठवजो. चिवडा नको, चकली नको, रऊफलेबी आता दोनच दात, दोघं मिळून सहा होतात. संत्र्याची बर्फी पाठव, नरम पाहून. दोन डबे. माह्या डब्यावर नाव टाकलं नाही तरी चालते, मी ओळखते. दुसऱ्यावर रऊफचं नाव टाकजो, तुह्या हातानं, अन् पाठवणार म्हणून माहं नको, तुहं.